जाहिरातीची आणेवारी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात कर्जत येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यवाहांनी आम्हांस व्याख्यानाचे निमंत्रण दिले तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. निवृत्त शिक्षक बोलावयास उभा राहिला म्हणजे तो शिक्षणाचे महत्त्व, वडीलधाऱ्यांचा मान, निर्व्यसनीपणा यांपैकी कशावर तरी बोलणार, अशी आपली अटकळ असणार. ते विषय चांगलेच आहेत. परंतु या व्यासपीठावरून त्यांवर पुष्कळ बोलून झाले आहे. म्हणून आज आम्ही एक काहीसा बाजारी वाटणारा विषय घेतला आहे. दुकानदाराने जाहिरातीवर खर्च केलेला पैसा परत येतो किंवा नाही, आणि येत असल्यास किती येतो, हे ओळखावे कसे?

हा विषय सुचण्यास कारण घडले ते असे. मंडळाची स्मरणिका जाहिरातींवर निघते, आणि छपाईचा खर्च वजा जाता जे उरते त्यातून आपल्या मुलामुलींना शिष्यवृत्त्या व वह्यापुस्तके मिळतात. यंदा आमचे तरुण कार्यकर्ते कर्जत, नेरळ व खोपोली येथील बाजारपेठांतून जाहिराती गोळा करीत हिंडले, तेव्हा दोघातिघा तरुण दुकानदारांनी त्यांस स्वच्छ विचारले, "गेल्या वर्षी अर्धे पान दिले होते. त्याने आमचे एक तरी गिऱ्हाईक वाढले काय?" कार्यकर्ते निरुत्तर होऊन परतले. काही ज्येष्ठांस हा प्रश्न उद्धटपणाचा वाटला. आम्हांस तसा वाटला नाही. वर्गात 'हे असे का' म्हणून विचारणारा मुलगा आम्हांस नेहमीच आवडत आला आहे. आमचे म्हणणे इतकेच की, जो प्रश्न त्या तरुणांनी स्मरणिकेस विचारला तोच त्यांनी रस्त्यावरील फलकास, रिक्षावरच्या कर्ण्यास आणि विशेषेकरून हातातील फोनवर चालणाऱ्या जाहिरातीस विचारावा. कारण स्मरणिकेस ते वर्षातून एकदा पैसे देतात. फोनवरील जाहिरातीस दरमहा देतात, आणि काही जण तर त्याकरिता उसनवारीही करतात.

आमचे शिक्षण जुन्या मॅट्रिकपुढे झालेले नाही. व्यापारशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. परंतु प्राथमिक शाळेत आम्ही आयुष्यभर त्रैराशिक आणि शेकडेवारी शिकविली, आणि या विषयास त्याहून अधिक गणित लागत नाही असे आमचे मत आहे. लागतो तो मनाचा एक प्रकारचा कठोरपणा, आणि तो मात्र गणिताहून दुर्मिळ असतो.

आपण बहुतेक शेतकऱ्यांची नातवंडे आहोत. तेव्हा 'आणेवारी' हा शब्द आपणांस नवा नाही. सोळा आण्यांपैकी यंदा पीक किती आणे आले, हे सरकारी अंमलदार शिवार पाहून ठरवीत, आणि त्यावर शेतसाऱ्याची सूट किंवा तहकुबी अवलंबून असे. आणे गेले, पैसे आले, तेव्हा तीच पैसेवारी झाली. पूर्वी ही आणेवारी पुष्कळशी नजरेच्या अंदाजाने होई. बांधावर उभे राहून पाहणाऱ्याचा डोळा कोठे पडेल आणि त्याचे मन कोणीकडे झुकलेले असेल, यावर आकडा ठरे. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण गुजरातेतील खेडा जिल्ह्याचे. १९१७-१८ साली तेथे पिके बुडाली. चार आण्यांच्या आत पीक असेल तर त्या वर्षाची वसुली तहकूब करावी असा नियम होता. शेतकरी म्हणत पीक चार आण्यांच्या आत आहे. सरकारी अंमलदार म्हणत त्याहून अधिक आहे. शेत तेच, पीक तेच. परंतु पाहणाऱ्यांचे हित निराळे असल्याने आकडा निराळा. त्यातूनच महात्मा गांधींच्या नेतृत्वाखालील खेडा सत्याग्रह उभा राहिला, हे आपण जाणतच आहां.

जाहिरातीची आजची स्थिती नेमकी अशीच आहे. जो जाहिरात विकतो तो म्हणतो, पीक चौदा आणे आले. ज्याने पैसे मोजले त्याचा मुलगा म्हणतो, चार आणेही आले नाही. आणि दुकानाचा मालक बांधावर उभा राहून दोघांकडे पाहत असतो. आपला अर्धा पैसा जाहिरातीत वाया जातो, पण तो अर्धा कोणता हे कळत नाही, अशा अर्थाचे एक वचन व्यापारी लोकांत फार प्रचलित आहे. कोणी ते अमेरिकेतील जॉन वॅनामेकर या दुकानदाराच्या नावावर घालतात, कोणी इंग्लंडातील साबणवाले लॉर्ड लिव्हरह्यूम यांच्या. ते कोणाचेही असो. ते ऐकून व्यापारी हसतात आणि पुन्हा पूर्वीप्रमाणेच खर्च करतात, याचे आम्हांस नवल वाटते.

शेतीच्या बाबतीत नजरेचा अंदाज मोडून काढण्याचे कार्य ज्यांनी केले त्यांत दोन मराठी नावे अग्रभागी आहेत, आणि ती आपल्या मुलांस ठाऊक नसतात याची खंत वाटते. एक डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली त्यांचा जन्म झाला. पुढे रोम येथील अन्न व शेती संघटनेत त्यांनी मोठ्या पदावर काम केले. दुसरे डॉ. विनायक गोविंद पानसे. १९४०च्या दशकात या उभयतांनी असा आग्रह धरला की, पीक किती आले हे बांधावरून पाहून सांगू नका. गावे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडा, त्यांतील शेते तशीच निवडा, शेतातील ठराविक मापाचा तुकडा तसाच निवडा, तेवढे पीक कापा आणि तोला. आपल्या मर्जीने चांगला किंवा वाईट तुकडा निवडावयाचा नाही. यालाच पीक कापणी प्रयोग म्हणतात. १९५४ साली या दोघांनी शेतीतील कार्यकर्त्यांकरिता संख्याशास्त्रावर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ कृषी संशोधन परिषदेने प्रसिद्ध केला, आणि शेतकी महाविद्यालयांतून तो अनेक पिढ्यांनी अभ्यासला.

तेव्हा पहिली गोष्ट मोजणीची. दुकानात किती गिऱ्हाइके आली, त्यांनी किती रुपयांचा माल घेतला, ती कोठून आली, हे ज्याने वहीत लिहिलेले नाही त्याने जाहिरातीच्या फायद्यातोट्याची गोष्टच काढू नये. "यंदा गर्दी बरी वाटली" ही बांधावरची आणेवारी झाली.

येथे एक गल्लत होते ती सांगून टाकतो. जाहिरात किती जणांपर्यंत पोचली हे मोजणे निराळे आणि तिने विक्री किती वाढली हे मोजणे निराळे. आपल्या देशात वृत्तपत्रांच्या खपाचा आकडा तपासून प्रमाणित करणारी ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था १९४८ साली निघाली. ती निघण्याचे कारणच असे की, जाहिरातदारास खपाचा खरा आकडा मिळावा. पुढे १९६७ साली विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, १९७६ साली दूरदर्शनवर आल्या, आणि किती जण ऐकतात, किती जण पाहतात, याचे अंदाज बांधले जाऊ लागले. हे सर्व उपयुक्तच होय. परंतु पत्रक दहा हजार घरांत पडले याचा अर्थ दहा हजार घरांनी ते वाचले असा नव्हे, आणि वाचले याचा अर्थ खरेदी केली असाही नव्हे. पेरलेले बी मोजून कोणी पीक सांगत नाही. फोनवरील जाहिरातीत 'इतक्या जणांनी पाहिले, इतक्यांनी बोट लावले' असे जे आकडे रोज झळकतात ते बहुतेक पेरलेल्या बियाण्याचेच आकडे असतात.

आता दुसरी आणि खरी अवघड गोष्ट. समजा, विक्री नीट मोजली आणि ती वाढलेली दिसली. ती जाहिरातीने वाढली कशावरून? आपल्या तालुक्याचेच पाहा. जून महिना लागला, पाऊस पडला, डोंगरांतून धबधबे वाहू लागले की शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची मंडळी लोंढ्याने येतात. ज्या खाणावळवाल्याने मे महिन्याच्या अखेरीस रस्त्यावर फलक लावला, त्याला जुलैत गिऱ्हाईक दुप्पट झालेले दिसते. तो म्हणतो, फलकाने केले. वस्तुतः पावसाने केले! कापडवाला दिवाळीच्या तोंडावर पत्रके वाटतो, भांडीवाला लग्नसराईच्या आरंभी, मखर व सजावटीचे साहित्य विकणारा गणपतीच्या आधी. ज्या काळात माल आपोआप खपतो त्याच काळात जाहिरात द्यावयाची, आणि मग खपाचे श्रेय जाहिरातीस द्यावयाचे, असा हा व्यवहार आहे. कोंबडा आरवल्याने सूर्य उगवतो असे मानण्यासारखेच हे झाले.

कर्जतच्या स्थानकावरील वड्याचा दाखला येथे घेण्यासारखा आहे. दिवाडकरांचा वडा मुंबई-पुणे प्रवास करणाऱ्या कित्येक पिढ्यांना ठाऊक आहे. त्याची कीर्ती चवीने झाली हे खरेच. परंतु बोरघाटाचा चढ सदतीस फुटांस एक फूट इतका खडा असल्याने घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून इंजिने जोडावी लागत, आणि त्याकरिता गाडी कर्जतेस थांबे, हेही तितकेच खरे. आता चवीचे श्रेय किती आणि थांब्याचे किती? नुसता वडा खाऊन हे कळणार नाही आणि नुसती गाडी पाहूनही कळणार नाही. थांबणाऱ्या गाड्या आणि न थांबता जाणाऱ्या गाड्या, या दोहोंतील प्रवाशांची तुलना केली तर थांब्याचा वाटा कळेल. मग थांबणाऱ्याच गाडीतील उतारूंनी शेजारचा वडा सोडून हाच का घेतला, हे पाहिले तर चवीचा वाटा कळेल. श्रेयाची वाटणी करावयाची तर ज्या ठिकाणी ते कारण नव्हते असे ठिकाण शोधावे लागते.

आपल्या गावाचे भूषण असलेले येथील भात संशोधन केंद्र हेच करीत असते. 'कर्जत ३', 'कर्जत ७' इत्यादी भाताचे वाण या केंद्राने दिले आहेत. एखाद्या खताचा गुण पाहावयाचा असला म्हणजे शास्त्रज्ञ काय करतात? सर्व खाचरांत खत टाकून 'पीक चांगले आले' म्हणत नाहीत. सारख्या जमिनीची खाचरे घेतात, काहींना खत देतात, काहींना मुद्दाम देत नाहीत. पाऊस दोहोंवर सारखाच पडतो, ऊन सारखेच लागते. मग दोहोंच्या उताऱ्यात जो फरक पडेल तेवढाच खताचा. आणि कोणत्या खाचरास खत द्यावयाचे हे आपण ठरवावयाचे नाही. ते चिठ्ठीने ठरवावयाचे, नाही तर मन नकळत चांगल्या खाचराकडे धाव घेते. ही रीत शास्त्राच्या पायावर उभी केली ती इंग्लंडातील रॉथमस्टेड येथील शेतकी केंद्रात काम करणारे रोनाल्ड फिशर यांनी. त्यांचा प्रयोगरचनेवरील ग्रंथ १९३५ सालचा. आज औषधांची परीक्षा याच रीतीने होते, आणि मोठमोठ्या कंपन्या जाहिरातींची परीक्षाही याच रीतीने करू लागल्या आहेत. तेव्हा आमच्या दुकानदार बंधूंनी हे शास्त्र परकीय समजू नये. ते शेतातून निघाले आहे.

मोठ्या कंपनीचा एक प्रयोग सांगतो, कारण तो आपल्या फोनवरील जाहिरातींस तंतोतंत लागू पडतो. ईबे नावाची अमेरिकन कंपनी आहे. तिचा व्यापार सर्व इंटरनेटवर. कोणी शोधयंत्रात 'ईबे' हे नाव लिहिले की सर्वांच्या वर ईबेचीच पैसे भरून दिलेली जाहिरात दिसे. लोक तीवर बोट लावून दुकानात येत, आणि हिशेबात दिसे की जाहिरातीने भरपूर गिऱ्हाईक आणले. ब्लेक, नोस्को व टडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी त्या जाहिराती बंद करून पाहिल्या. परिणाम काय झाला? येणारे लोक जवळजवळ तेवढेच राहिले. ते जाहिरातीखालील फुकटच्या ओळीवरून आले. पुढे इतर शब्दांवरील जाहिरातीही त्यांनी देशाच्या काही भागांत बंद ठेवल्या व काही भागांत चालू ठेवल्या. असे आढळले की, नव्या किंवा क्वचित येणाऱ्या गिऱ्हाइकांवर जाहिरातीचा काही परिणाम होतो. नित्याच्या गिऱ्हाइकांवर होत नाही, आणि पैसा तर मुख्यतः त्यांच्यावरच खर्च होत होता. हा निबंध २०१५ साली प्रसिद्ध झाला. आपल्या भाषेत सांगावयाचे तर, दुकानाच्या पायरीवर पाय ठेवलेल्या माणसाच्या हातात पत्रक द्यावयाचे, आणि तो आत आला की 'पाहा, पत्रकाने आला' म्हणावयाचे. फोनवरील जाहिरातींच्या हिशेबात शेवटी ज्याने दार उघडले त्यास सर्व श्रेय दिले जाण्याची खोड पुष्कळदा असते. वस्तुतः त्या माणसास दुकानाचे नाव त्याच्या मेहुणीने सांगितलेले असते.

आता आपल्या दुकानदारास हे कसे जमेल? येथे आम्ही फळ्यावर एक उदाहरण मांडतो. आकडे समजुतीकरिता घेतलेले आहेत. समजा, कर्जतेत एक भांड्यांचे दुकान आहे. मालकाने आसपासची आठ गावे घ्यावी: शेलू, भिवपुरी, कडाव, कशेळे, कळंब, वेणगाव, पळसदरी आणि खांडस. नेरळ मोठे असल्याने त्यास यातून वगळावे. मग एकमेकांसारख्या गावांच्या चार जोड्या लावाव्या आणि प्रत्येक जोडीतील एक गाव नाणे उडवून निवडावे. निवडलेल्या चार गावांत पत्रके वाटावी, उरलेल्या चारांत वाटू नयेत. पत्रके वाटण्यापूर्वी तीन आठवडे आणि वाटल्यानंतर तीन आठवडे, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकास "आपण कोणत्या गावचे?" एवढे विचारून वहीत टिपून ठेवावे. एवढाच प्रयोग.

समजा, आधीच्या तीन आठवड्यांत दोन्ही गटांतून चाळीस-चाळीस खरेद्या झाल्या होत्या. नंतरच्या तीन आठवड्यांत पत्रकांच्या गावांतून ६४ झाल्या. मालक आनंदित होतो. चोवीस खरेद्या वाढल्या, सरासरी खरेदी १,००० रुपयांची, म्हणजे २४,००० रुपयांची विक्री. पत्रकांचा खर्च ३,००० रुपये. पैसा आठपट झाला! परंतु थांबा. पत्रके न वाटलेल्या गावांतूनही त्याच काळात ५४ खरेद्या झाल्या आहेत. म्हणजे चौदा खरेद्या लग्नसराईने वाढविल्या. पत्रकांच्या वाट्याला दहाच आल्या. त्यांची विक्री १०,००० रुपये. आता या दहा हजारांतील नफा किती? रुपयास वीस पैसे सुटतात असे धरले तर २,००० रुपये. खर्च ३,००० रुपये. आठपट तर नाहीच, उलट एक हजार रुपये पदरचे गेले.

विक्री आणि नफा यांतील ही गल्लत आम्हांस सर्वांत घातक वाटते. चांगले हुशार, पदवीधर तरुणही विक्रीच्या रकमेस खर्चाने भागून 'इतके पट परत आले' असे सांगतात. जाहिरात विकणारेही तोच भागाकार पुढे करतात. माल घाऊक बाजारातून फुकट येत नाही, हे ते विसरतात. याच कारणास्तव एकाची जाहिरात पाहून दुसऱ्याने आपली ठरवू नये. कर्जत-खालापूरच्या रस्त्यांवर घरांच्या आणि भूखंडांच्या योजनांचे इतके फलक उभे राहिले आहेत की डोंगर पाहावयाचा तर मान वाकडी करावी लागते. त्या बिल्डरांचे एखादे घर अधिक विकले गेले तरी फलकाचा खर्च निघून वर उरतो. किराणा दुकानदाराने त्याची बरोबरी करावयाची म्हटल्यास त्याला साखरेची किती पोती अधिक विकावी लागतील याचा हिशेब त्याने घरी करून पाहावा.

आता जाहिरातीच्या बाजूनेही बोलले पाहिजे, नाही तर न्याय होणार नाही. त्या दहा गिऱ्हाइकांपैकी काही जण पुन्हा आले, गणपतीस आले, मुलीच्या लग्नात आले, तर तोट्याचा हिशेब फिरेल. खताचाही सर्व गुण पहिल्याच पिकात उतरत नाही. शेणखत दुसऱ्या वर्षीही उपयोगी पडते. म्हणून वही तीन आठवड्यांनी मिटून ठेवू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावास असताना १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि नांगर खपू लागण्यासच सुमारे दोन वर्षे गेली असे त्या कारखान्याचा इतिहास सांगतो. त्या काळात कोणी महिन्याच्या अखेरीस 'परत किती आले' असे विचारले असते तर उत्तर शून्य आले असते, आणि कदाचित किर्लोस्करवाडी झालीच नसती. त्याच कारखान्याने १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे पत्रक काढले, त्याचे पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि मराठी वाचकांच्या घराघरांत गेले. त्याने किती नांगर खपले हे कोणत्या वहीत मांडणार? नवी वस्तू लोकांस पटवून देण्याची जाहिरात आणि ठाऊक असलेल्या वस्तूची आठवण देण्याची जाहिरात, या दोहोंस एकच मुदत लावणे अन्यायाचे होईल. परंतु हा दाखला आळशी माणसाने ढालीसारखा वापरू नये. लक्ष्मणराव वाट पाहत होते तेव्हा त्यांच्यापाशी कामाचा नांगर होता.

दुसरी सावधगिरी संख्येची. दहा खरेद्यांचा फरक योगायोगानेही पडू शकतो. एखाद्या गावात दोन लग्ने अधिक निघाली तरी तेवढा फरक पडेल. म्हणून नाणे पुन्हा उडवून प्रयोग दोनतीनदा करावा. लाखो लोकांवर प्रयोग करणाऱ्यांनाही ही अडचण सुटलेली नाही. रँडल लुईस आणि जस्टिन राव यांनी इंटरनेटवरील जाहिरातींचे २५ मोठे प्रयोग तपासून २०१५ सालीच असे दाखविले की, माणसामाणसाच्या खरेदीत मुळातच इतकी चढउतार असते की जाहिरातीने नफा झाला की तोटा, हे नेमके सांगणे फार कठीण जाते. तेव्हा जो कोणी आपणांस पैशापैशापर्यंत नेमका आकडा सांगेल त्याजकडे जरा संशयाने पाहावे. तिसरी गोष्ट भातशेती करणाऱ्यास सांगावयास नको. वरच्या खाचरातील खताचे पाणी बांध फोडून खालच्या खाचरात जाते. तसेच कडावात वाटलेले पत्रक माहेरवाशिणीबरोबर कशेळ्यास जाते. याने फरक प्रत्यक्षाहून कमी दिसतो. त्यास उपाय एवढाच की जवळची गावे एकाच बाजूस घ्यावी.

आता आमच्या स्मरणिकेकडे येतो, कारण प्रश्न तेथून निघाला होता. हे व्याख्यान ज्या पुस्तकात छापले जाईल त्याच पुस्तकावर आम्ही बोलत आहोत याची आम्हांस जाणीव आहे. तरीही स्पष्ट बोलणे बरे. 'अमुक अमुक यांजकडून हार्दिक शुभेच्छा' एवढाच मजकूर, खाली दुकानाचे नाव, आणि पुस्तक घरोघरी कपाटात. अशा पानाने गिऱ्हाईक वाढत असेल असे आम्हांस वाटत नाही. ती देणगी आहे. देणगी ही वाईट वस्तू नव्हे. तिच्यातून आपली मुले शिकली आहेत. परंतु देणगीला जाहिरातीचा अंगरखा घालून आपण दोघांचेही नुकसान करतो. दुकानदार ती रक्कम जाहिरात खर्चात लिहितो, वर्षअखेर 'जाहिरातीने काही होत नाही' असा निष्कर्ष काढतो, आणि दान केल्याचे समाधानही त्यास मिळत नाही. मंडळासही आपण काय विकतो हे सांगता येत नाही, म्हणून ओळख आणि भीड यांवर काम चालवावे लागते. आणि भिडेचे उत्पन्न पिढी बदलली की आटते. ते आटू लागले आहे, हे यंदाच्या फेरीत आपण पाहिलेच.

यावर आम्ही कार्यकारी मंडळापुढे लेखी सूचना ठेवली आहे. देणगीदारांची यादी निराळी छापावी आणि ती पुस्तकाच्या आरंभी असावी. ज्यांस खरी जाहिरात द्यावयाची आहे त्यांस प्रती किती छापल्या, त्यांपैकी किती कोणत्या गावी वाटल्या, हे पुस्तकातच छापून सांगावे. जाहिरातीत शुभेच्छांऐवजी दुकानात काय मिळते, कोणत्या भावाने मिळते, हे असावे. आणि कोपऱ्यात कापून नेण्याजोगी चिठ्ठी असावी, जी दुकानात दाखविली तर काही सवलत मिळेल. ही चिठ्ठीची युक्ती फार जुनी आहे. अमेरिकेतील क्लॉड हॉपकिन्स यांनी १९२३ साली जाहिरातीच्या शास्त्रावर पुस्तक लिहिले त्यात तिचा मोठा पुरस्कार आहे. निरनिराळ्या पत्रांतील चिठ्ठ्यांवर निरनिराळी खूण घातली की कोणत्या पत्राने किती पत्रे आणली ते मोजता येते. अर्थात चिठ्ठी घेऊन येणारा प्रत्येक जण चिठ्ठीमुळेच आला असे नव्हे, हे ईबेच्या गोष्टीनंतर निराळे सांगावयास नको. तरी वर्षअखेर एकही चिठ्ठी आली नाही तर तेवढे तरी निश्चित कळेल.

एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हांस विचारले की, असे केल्याने जाहिरातींचे उत्पन्न घटले तर शिष्यवृत्त्यांचे काय? प्रश्न रास्त आहे, आणि उत्पन्न पहिल्या वर्षी घटेल असेच आम्हांस वाटते. शिष्यवृत्ती एका मुलाचीही थांबू नये. म्हणून सर्व पाने एकदम न बदलता यंदा निम्मी पाने जुन्या रीतीने व निम्मी नव्या रीतीने ठेवावी, कोणाचे पान कोणत्या रीतीचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, आणि पुढील वर्षी दोन्ही प्रकारचे किती जाहिरातदार पुन्हा पैसे देतात ते पाहावे, असे आम्ही सुचविले आहे. हाही खाचरांचाच प्रयोग झाला. ज्या जाहिरातदारांची याला संमती नसेल त्यांस अर्थातच यातून वगळावे. कार्यकारी मंडळ यावर विचार करीत आहे.

ज्या दुकानदार बंधुभगिनींस आठ गावांचा प्रयोग करून पाहावयाचा असेल त्यांच्याकरिता आम्ही वहीचा नमुना आखून आणला आहे. तो दाराजवळच्या मेजावर ठेवला आहे. त्यात चार रकाने आहेत: तारीख, गाव, खरेदीची रक्कम, आणि दुकानाचे नाव कोणाकडून कळले. चौथ्या रकान्यात गिऱ्हाईक सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहावे. पहिले तीन आठवडे पत्रके वाटू नयेत, आणि नाणे उडविताना घरातील लहान मुलास हाताशी घ्यावे. तो पुन्हा उडवू देणार नाही.